टपाचा डावा कोपरा

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. चौथीपर्यंतच शिकले, आणि अक्षर ओळ सोडून खाली घसरतं. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण हाती पडलीच तर आधी सांगून ठेवलेलं बरं.

सौंसरच्या बाजूला एका जुन्या लढाईच्या सिनेमाचं शूटिंग होतं. त्यांना जुन्या जीपा हव्या होत्या. आमच्या गल्लीत, पांढुर्ण्याला, माझ्या मोठ्या जाऊबाईंची जीप हंगामात संत्र्यांचे कॅरेट वाहते आणि बाकी वर्ष दारात धूळ खाते. ती पसंत पडली. तिला मातकट हिरवा रंग दिला, दारावर पांढरे आकडे काढले. जाऊबाई नळावर जाताना आता जरीकाठाची साडी नेसू लागल्या. मला ते बघवत नसे.

जीपवरचा टप मात्र जुन्या पद्धतीचा पाहिजे होता: जाड कापड, हाताची शिलाई. जिनिंगमध्ये मी दाभणाने कापसाच्या बोऱ्या शिवते.

"तुह्याशिवाय कोन शिवन वो?" जाऊबाई म्हणाल्या. "कापड बी तूच आन. पैसे आले का देतो."

बावीसशेचं कापड मी माझ्या मजुरीतून आणलं. तीन दिवस अंगणात शिवत बसले. शेवटच्या दिवशी कुंपणापलीकडून जाऊबाईंचा आवाज आला. शेजारणीला सांगत होत्या, "टप ना? शिवून घेतला एका बाईकडून."

एका बाईकडून. मागचा डावा कोपरा तेवढा राहिला होता. कोपऱ्याला मी नेहमी दुहेरी टाका घालते. त्या दिवशी एकेरी घातला आणि गाठ सैल ठेवली. उडू दे सगळ्यांसमोर, असं मनात होतं.

शूटिंग पाहायला त्या मलाही घेऊन गेल्या. रणगाडा म्हणजे ट्रॅक्टरभोवती ठोकलेलं प्लायवुड, त्याची तोफ पाण्याचा पाइप. लाकडी बंदुका पळसाखाली तुराट्यांसारख्या रचलेल्या, आणि एक माणूस त्यांना जुनं दिसावं म्हणून तेल-काजळी चोळत होता. सगळं खोटं, एक जाऊबाईंची जीप तेवढी खरी. तेही मला सहन झालं नाही. जीप धुळीत दूर निघून गेली, टपाचं काय झालं ते दिसलं नाही.

सिनेमा आला तेव्हा गल्ली जाऊबाईंच्या टीव्हीपुढे जमली. मी दाराशी बसले. स्फोट झाले, जीप पळू लागली, आणि टपाचा डावा कोपरा सुटून फडफडायला लागला.

"गोळी लागली वो टपाले," कोणीतरी ओरडलं. मग तेवढाच तुकडा मागे नेऊन तीनदा पाहिला. "काय खरं वाटून राहिलं," सगळे म्हणाले. जाऊबाईंनी चहा केला. त्यांची फजिती व्हावी म्हणून घातलेला टाका त्यांचीच शोभा वाढवून गेला. मी चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. पंधराशे आधी थोडे थोडे दिले होते, सातशे राहिले होते.

"तो कोपरा मुद्दाम कच्चा ठेवला ना तू?"

मी खाली पाहिलं.

"शूटिंगच्या आधीच सिनेमावाल्यानं तो ओढून पाह्यला. म्हने, असाच राहू द्या, पळताना फडफडन. कोनं शिवला म्हने. मी म्हटलं, माह्या देरानीनं, धाकल्या जावेनं."

"मग काल सांगितलं नाही," माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघालं.

"काल सांगतलं असतं तं सारे तुह्याकडंच पाहत बसले असते," त्या म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडू लागल्या.

म्हणजे त्याही जळत होत्या. मला बरं वाटलं, हे खरं लिहिते. त्यांनी शंभराच्या सात नोटा माझ्या हातावर ठेवल्या. मी त्यांच्यासमोरच मोजल्या. बावीसशे पूर्ण फिटले.