साहेब प्यायले ते पाणी

एरवी मी तोंड सांभाळून असते, पण मळीच्या तळ्याचा विषय निघाला की माझा ताबा सुटतो. घरातली पोरं तेवढ्यासाठी मुद्दाम विषय काढतात. त्यांना गंमत वाटते. वाटू दे, त्यांनी ते पाणी प्यायलेलं नाही.

मी उमरग्याकडच्या एका गावात, बौद्धवाड्यात सून म्हणून आले तेव्हा वस्तीला स्वतःची विहीर होती आणि सासऱ्यांचा सगळा तोरा त्या विहिरीवर होता. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरीवर आमच्या बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही तर रिकाम्या हातानं घरी यायचं. तेव्हा मामंजींनी आणि वस्तीतल्या बाप्यांनी दिवसभर खडी फोडून यायचं आणि उरलेल्या उजेडात खणायचं, असं करून ती विहीर पाडली. पाणी लागलं ते नारळाच्या पाण्यासारखं. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून पाणी विचारायचे. गावातले लोक "आत्ताच पिऊन आलो" म्हणत पुढं सटकायचे. रणरणत्या उन्हात, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि म्हणे आत्ताच पिऊन आलो!

मग सहकारी साखर कारखाना आला. गावात पेढे वाटले गेले. वस्तीतल्या काही पोरांना हंगामापुरती कामं मिळाली, तेवढ्यावर आम्हीही खूश होतो. कारखान्याचं काळं, आंबूस वासाचं पाणी ओढ्यातून नदीत जायचं आणि नदी आमच्या शिवारातून पुढं कर्नाटकात. तिकडच्या गावांत मासे मेले, जनावरं पाण्याला तोंड लावेनात, आणि तिथल्या लोकांनी ओरडा केला. ओरडा दुसऱ्या राज्यातून आला म्हणून इकडं ऐकू आला. ठरलं असं की हे मळीचं पाणी नदीत सोडायचं नाही, मोठं तळं खणून त्यात साठवायचं.

आता तळं कुठं खणायचं? सभासदांच्या जमिनीत कोण खणू देणार? आमच्यात सभासद एकही नव्हता. सभासद व्हायला ऊस लागतो, आणि उसाला जमीन. तेव्हा आमच्या वस्तीला लागून असलेलं गायरान सगळ्यांना एकदम सोयीचं वाटलं. पाणी झिरपू नये म्हणून तळाला काळी माती चोपून बसवायची होती म्हणे. ती कुणी चोपली नाही. मुरमाच्या खड्ड्यात मळी ओतली आणि काम झालं.

पहिल्याच हंगामात विहिरीचं पाणी चहासारखं झालं. सडक्या गुळाचा वास यायला लागला. डाळ शिजेना, पोरांच्या अंगाला खाज सुटली. ज्यांच्या पायांत जोर होता ते कारखान्याच्या वरच्या अंगाला नदीतल्या झिऱ्यावर जायचे. वाळूत हातानं उकरलेला खड्डा तो. बराच वेळ बसलं की एक घागर भरायची. बाकीचे विहिरीचंच पाणी गाळून, नाक दाबून प्यायचे. आम्ही वर अर्ज केला, आणि कळलं की दोन्ही राज्यांचे साहेब तळ्याची पाहणी करायला येणार आहेत. त्यांनी आमचं पाणी खराब ठरवलं तर तळं हलणार होतं. आमचं सगळं त्या एका दिवसावर होतं.

त्या दिवशी सकाळी बघते तर मामंजी सायकलच्या कॅरिअरला घागरी बांधून झिऱ्यावरून परत येतायत. दारात नवा माठ मांडलेला, तांब्या-पेला चिंचेनं लखलखीत घासलेला.

"हे कशाला, मामंजी?" मी विचारलं.

"साहेब यायलेत. पाणी न्हाय का द्यायचं?"

"विहिरीचं द्या की. तेच बघाया यायलेत ते."

मामंजी लई चिडले. "आजवर लोक काय म्हनत आले? म्हारांचं पानी घान. आन आज पयल्यांदा मोठा मानूस दारात यायलाय, त्याच्या हातात म्या ते देऊ?"

मी म्हटलं, "मग वास तुम्हीच घ्या जन्मभर." सासऱ्याला असं बोलायची पद्धत नव्हती. पण बोलले, आणि आजही तो शब्द मागं घेत नाही.

जीप आली. साहेबांनी आधी तळं पाहिलं, मग नदीवर गेले. नदी निवळली होती. कर्नाटकचे साहेब खूश झाले. नदीतलं पाणी बाटल्यांत भरलं. विहिरीसाठी बाटली कुणी आणलीच नव्हती, कारण भांडण दोन राज्यांचं होतं आणि आमची विहीर कुठल्याच राज्याच्या भांडणात नव्हती. तरी आमचे मोठे साहेब वस्तीत आले. विहिरीत वाकून बघितलं. खोल पाणी वरून काळंच दिसतं, चांगलं असो की वाईट, आणि वास तर सगळीकडं तळ्याचाच होता.

"पिण्यासारखं आहे का?" साहेबांनी विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत मामंजी दोन्ही हातांत पेला धरून पुढं झाले. साहेब घटाघटा प्यायले. वर आणखी मागितलं. आख्खी वस्ती बघत उभी होती. मामंजींच्या डोळ्यांना धार लागली.

"गोड आहे की!" साहेब म्हणाले.

मी पुढं झाले. "साहेब, हे पाणी इथलं न्हाय."

बरोबरचा कारखान्याचा संचालक हसला. "मग काय आभाळातलं हाय?"

साहेबांनी मामंजींकडं पाहिलं. "बाबा, पाणी याच विहिरीचं ना?"

मामंजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रिकाम्या पेल्याकडं. "व्हय, साहेब," म्हणाले.

झालं. अहवालात लिहिलं गेलं: तळ्याचं काम उत्तम, नदी स्वच्छ, शेजारच्या वस्तीचं पाणी समक्ष पिऊन पाहिलं, गोड आहे. गावात लोकांनी हसून हसून पोट धरलं. मामंजींना त्याचं काही नव्हतं. ते कित्येक दिवस सांगत होते की साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मला त्यांची कीव यायची आणि त्याच वेळी तो माठ त्यांच्यासमोर फोडावा असंही वाटायचं.

पुढच्या हंगामात तेच साहेब न कळवता आले. नदी बघून परतताना जीप वस्तीपाशी थांबवली आणि हसत मामंजींना म्हणाले, "बाबा, तुमचं ते गोड पाणी द्या."

घरात झिऱ्याचं पाणी नव्हतं. मामंजी जागचे हलेनात. मी आत गेले, विहिरीचं पाणी पेल्यात भरलं आणि साहेबांच्या हातात दिलं. आता तरी कळेल, असं मनात होतं.

साहेबांनी पेला नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं. तसं तोंड फिरवलेलं मी लहानपणापासून पाहत आले होते. ते ओळखायला मला शिकावं लागलं नाही.

"विहिरीत टाकता काय तुम्ही लोक?" साहेब म्हणाले. "मागच्या वर्षी किती चांगलं पाणी होतं!"

"साहेब, तळ्याचं पाझरतंय," मी म्हटलं.

"तळं मागच्या वर्षीही होतंच की."

तेव्हा मामंजी हात जोडून बोलले. "साहेब, मागल्या साली ते पानी झिऱ्याचं व्हतं. म्या खोटं बोललो."

साहेबांनी पेला ओट्यावर ठेवला. "तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

साहेब जीपमध्ये बसून गेले.

महिन्याभरात कारखान्याचा माणूस जंतुनाशक पावडरीचं पोतं आणि एक रंगवलेली पाटी घेऊन आला. पाटी विहिरीच्या कठड्याला ठोकली. मामंजींना वाचता येत नव्हतं. वस्तीतल्या बायकांत सातवी झालेली मी एकटीच. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि वाचायला सांगितलं.

मी वाचलं, "विहिरीत घाण टाकू नका. स्वच्छता राखा."

"कुनाला सांगितलंय?"

"नाव कुणाचं न्हाय, मामंजी."

ज्या हातांनी ती विहीर पाडली होती ते हात त्यांनी धोतराला पुसले, आणि म्हणाले, "म्हंजी घान आपलीच म्हना की." मी "नाही" म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, पण त्यांनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.