आमच्याच रेच्याच्या पूजेले तिकीट

आमच्याच घरचा रेचा पाहाले आमालेच तिकीट काहून? राम राम मंडळी.

रेचा म्हणजे सरकी काढाचं लाकडी यंत्र. इंग्रजाच्या काळात वऱ्हाडात कापसाले सोन्याचा भाव आला, तवा आमच्या घरच्या बायकांनी तोच फिरवला. दर खंडेनवमीले पूजा करू देऊ, या बोलीवर मी तो गावच्या संग्रहालयाले देला.

आज हळद-कुंकू घेऊन गेली, त दारावरचा गडी म्हणे, "आजी, तिकीट काढा."

काढलं. मंग म्हणे, "तिकीटवाल्याईले कोणत्याच वस्तूले हात लावता येत नाही."

"मंग बिगरतिकिटाची येऊ?"

"मंग आतच येता येत नाही."

रेचा वापस मांगतला, त दानपत्रावरची माहीच सही दाखवली.

ताट घेऊन पायरीवर बसली आहो. संग्रहालयाचे समितीवाले याच ग्रुपात हायेत. उत्तर त्याईनंच द्यावं. बाकीच्याईनं हात जोडलेले फोटो टाकू नये.