गणेशच्या प्लेटलेट्स पुन्हा भरल्या

"ल्युकेमिया आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पण ह्या प्रकारचे बहुतेक पेशंट उपचारांनी बरे होतात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

शहागंजात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दंडावरचे निळे डाग मशीनला धडकून पडले असतील, असं वाटायचं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा तपासणी केली. प्लेटलेट्स फार कमी होत्या. रक्त वाहायला लागलं की ते थांबवणाऱ्या ह्या बारीक पेशी. त्या नसतील तर मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. त्याच दिवशी ॲडमिट झाले.

माझा धाकटा भाऊ गणेश बजाजनगरला राहतो, कंपनीत कामाला आहे. त्याचा रक्तगट जुळला. त्याला अफेरेसिस मशीनला जोडलं. मशीन रक्तातून प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतं, बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. मधेच त्याच्या ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियमच्या गोळीनं थांबल्या. ती पिवळसर पिशवी मला चढली आणि हिरड्या शांत झाल्या.

काही दिवसांनी पुन्हा पिशवी लागली. गणेश तयार होता, पण करमाडहून आलेली आई आडवी आली.

"मॅडम, एका लेकराचं काढून दुसऱ्याला घालायलेत तुम्ही. ह्याच्यात काय राहील मग?"

मनातून मलाही तीच भीती होती.

मॅडम आईशेजारी बसल्या. "मावशी, हाडांच्या आत मगज असतो, बोन मॅरो. तिथं प्लेटलेट्स रोज बनतात. रक्तातल्या कमी झाल्या की मगज जास्त बनवायला लागतो. पोटात डावीकडं प्लीहा असते, तिच्यात थोड्या साठलेल्या असतात, त्याही रक्तात येतात. दोन-तीन दिवसांत भरून निघतं. तरी आधी मोजू. कमी असल्या तर घेणार नाही."

रिपोर्ट आला. गणेशच्या प्लेटलेट्स पहिल्या वेळेइतक्याच होत्या.

"माझ्या डिंकाच्या लाडवानं भरल्या का?" आईनं विचारलं.

"लाडू द्याच. पण हे काम अंग आपणहून करतं."

"व्हय का?" आई गणेशकडं वळली. "मग उभा काय राहिलास? चल की!"

त्यानंतर गणेशचे मित्र आले, ओळखपाळख नसलेली माणसंही येऊन देऊन गेली. त्यातल्या कित्येकांची नावं मला आजही माहीत नाहीत. तुमच्या घरी अशी वेळ आली तर देणाऱ्याची काळजी जरूर करा, पण भिऊन त्याला अडवू नका.

एका सकाळी मॅडम हसतच आल्या. "आज पिशवी नको, सुनीता. तुमच्या स्वतःच्या प्लेटलेट्स वाढायला लागल्यात."

आईनं माझा हात घट्ट धरला.

गणेश बाही वर करून बसला होता. "आता मी काय करू?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "तसाच जा रक्तपेढीत. दुसऱ्या कुणाच्या लेकराला लागत असतील."