तलवाड्याच्या शेडमधली सुपारी

कडूबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे तलवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेंढरं राखण्यात जन्म गेलेली बाई. नवरा गेल्यावर खांडभर मेंढरं आणि एकुलता एक लेक माऊली, एवढा संसार तिनं शिव्यांच्या जोरावर ओढला होता. रस्त्याला लागून तिच्या रानात पत्र्याचं शेड होतं. ते बीडच्या एका शेठनं भाड्यानं घेतलं आणि परदेशातून आलेल्या सुपारीच्या पोत्यांनी भरून टाकलं. वर्षभर तिकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस कस्टमची गाडी येऊन थांबली.

कागदावर ती भाजलेली सुपारी होती. पोत्यात निघाली कच्ची, नुसती उन्हात वाळवलेली. पानवाल्याला यात काय फरक पडतो! पण कस्टमच्या दरपत्रकात दोन्हींचे रकाने वेगळे. त्या वेळी कच्चीला सरकारनं किमान किंमत बांधून दिली होती, तिच्याखाली ती देशात आणायची सोय नव्हती. भाजलेलीला ती अट नव्हती. शेठनं वाळलेल्या मालाला भाजलेला म्हणवून बंदरातून सोडवलं होतं, आणि बिलावर किंमत लावली होती ती आपल्याकडच्या शेंगदाण्यापेक्षाही कमी. लबाडाला लाज कशाची?

अधिकारी होते आदिनाथ नावाचे, मूळचे शिरूर कासारचे. एवढा माल हलवायचा कुठं, म्हणून त्यांनी तो तिथंच जप्त केला, कुलपाला लाखेचं सील लावलं आणि जागेची मालकीण म्हणून सुपुर्दनाम्यावर कडूबाईचा अंगठा घेतला.

"मावशी, माल आता तुमच्या ताब्यात," ते म्हणाले. "यातलं काही हललं तर तुरुंगात तुम्ही जाल. शेठ नाही."

"सायब, जलमभर लोकाची मेंढरं राखली. एखादं मेलं तर पुरावा म्हनून त्याचा कापल्याला कान नेऊन दाखवला, तवा मालकाम्होरं तोंड उघडलं. तुमची सुपारी काय चरायला जातीय व्हय?"

आदिनाथ हसले. तिनं मात्र ते बोलणं मनावर घेतलं होतं. त्या दिवसापासून ती शेडच्या दाराशीच भाकरी खाऊ लागली.

पहिला नमुना प्रयोगशाळेनं कच्चा ठरवला. शेठनं हरकत घेतली, तेव्हा दुसरा नमुना काढायचं ठरलं. त्याच्या आत पोती बदलून खरीच भाजलेली सुपारी भरून ठेवली की प्रकरण मिटलं, असा शेठचा डाव. त्यासाठी त्याचा माणूस युवराज आधी गोडीत आला.

"मावशे, दोन तास मेंढरं लांब घेऊन जा. तुला कावून पडलंय सरकारचं?"

कडूबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, वर पायातली चप्पल फेकून मारली. चप्पल त्याच्या कानावर बसली आणि रस्त्यावरची चार माणसं हसली. हे हसणं युवराजला लागलं.

भर दुपारी तो पिकअप घेऊन परत आला, संगती तिघं. कडूबाई विहिरीवर होती. दारात माऊली एकटा होता. युवराजनं पहारीच्या एका घावात सील आणि कुलूप दोन्ही तोडलं आणि आत घुसला. माऊली मागं धावला आणि पोत्यांपुढं आडवा झाला.

"सरक बे!"

"न्हाई सरकत. मायचा अंगठा हाय त्याच्यावर."

पहार माऊलीच्या गुडघ्यावर बसली. हाड फुटल्याचा आवाज विहिरीपर्यंत गेला म्हणतात. किंकाळी तर नक्कीच गेली. पोर खाली पडलं तरी पोत्याला मिठी मारून होतं, म्हणून दुसऱ्यानं त्याच्या तोंडावर लाथ घातली. दात तुटून भुईवर पडले. युवराजनं पुन्हा पहार उचलली, ती त्याच गुडघ्यावर.

कडूबाई आली ती मेंढरांना पाला तोडायची कुऱ्हाड घेऊनच. एरवी शिव्यांनी सुरुवात करणारी बाई, त्या दिवशी तिनं सुरुवात हातानं केली. पहार धरलेल्या मनगटावर तिनं कुऱ्हाड घातली. हात तुटता तुटता कातड्यावर लोंबकळला आणि रक्ताची चिळकांडी पोत्यांवर उडाली. तिनं पुन्हा कुऱ्हाड उगारली तशी बाकीच्यांनी युवराजला ओढत गाडीत टाकलं. त्यांच्या मागं ती बांधापर्यंत धावली. पुढचे दोन दिवस ती नुसती खाली बसून राहिली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण तिच्या अंगात तेव्हा बसणं नव्हतंच.

माऊलीला बीडच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा आता कधी वाकणार नाही. इकडं पोलिसांचा पंचनामा उरकला. आदिनाथांनी फोनवर बजावलं, "मी परवा येतो. तोवर मालाला हात लावू नका."

तिनं हात लावलाच नाही. पण शेडमध्ये रक्त सांडलं होतं, आणि मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरून रक्त सांडलं तर धनगराची बाई काय करते? धुरी देते. नाहीतर रोगराई येते, उरलेला माल टिकत नाही. कडूबाईनं लोखंडी पाट्या भरून निखारे केले, त्यावर लेंड्या आणि कडुनिंबाचा पाला टाकला, दार लोटून घेतलं आणि आदिनाथ येईपर्यंत धूर विझू दिला नाही. दवाखान्यात लेक, आणि ही इथं डोळे चोळत निखारे फुंकत होती. सरकारची ठेव नीट राहावी, एवढाच तिचा हट्ट.

आदिनाथांनी दार उघडलं आणि धुराचा वास आला तसे ते उंबऱ्यावरच थांबले. आत जाऊन त्यांनी एक सुपारी फोडली. करपट वास, पिवळसर झालेली, ओलावा उडालेला. शेठचा वकील मागं उभा होता, त्यानं नाक वर करून वास घेतला आणि हसू दाबलं.

"मावशी," आदिनाथ म्हणाले, "हे काय करून बसलात?"

"पोती मोजून घ्या. एक कमी न्हाई."

पोती भरली होती. पण दुसऱ्या नमुन्यावरून ही सुपारी नुसती उन्हात वाळवलेली आहे, असं प्रयोगशाळेला आता छातीठोक सांगता येईना. संशयाचा फायदा मिळून माल सुटला. मग वकिलानं सूर बदलला: माल कायदेशीर, मालकाची माणसं आपला माल बघायला गेली होती, सील बाईनंच धुरी द्यायला आधीच तोडलं होतं आणि वर तिनं कुऱ्हाड चालवली. माऊली तिचाच लेक, त्याची साक्ष कोण मानतो?

बीडच्या कोर्टात कडूबाई आरोपी म्हणून उभी राहिली. व्हरांड्यात तिची वकील उज्ज्वला कळवळून सांगत होती, "काकू, एवढंच म्हणा की झटापटीत चुकून लागली. शिक्षा कमी होईल."

बाकड्यावर माऊली एक पाय ताठ समोर काढून बसला होता. येणारी-जाणारी माणसं त्याला ओलांडून जात होती. कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चुकून न्हाई सायब. लेकाचा गुडगा फुटल्याला बघितला आन् नेम धरून हाणली. चुकून झाली ती धुरी. त्याची लई मोठी सजा असंल तर ती आदी द्या."