दहात नऊ

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमचं घर बौद्ध, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. बाबा शाळामास्तर. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... घरात कोणी नाव काढलं तरी त्यांचा आवाज चढायचा. त्यात माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. तरीही घाटंजीच्या माझ्या घरी जे घडलं, ते जसंच्या तसं लिहितोय. हसायचं तर हसा.

कापसाचे ते वाईट दिवस होते आणि लोडशेडिंग तर दिवसातून तीन-तीनदा. बाबा वारून वर्ष झालं होतं. ते गावच्या गायन पार्टीत गायचे, त्यांच्या अडतीस कॅसेट ट्रंकेत होत्या. पांढरी बुरशी धरलेली. काही तर एकदा वाजल्या की तुटायच्याच. म्हणजे बाबांचा आवाज मला एकदाच उतरवून घेता येणार होता, आणि जिथे ठेवीन तिथून गेला की कायमचा गेला. म्हणून गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले पार्ट जोडून घरीच एक सर्व्हर उभा केला. प्रश्न एकच उरला — त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती टाकायची? अचानक लाइट गेली तरी फाइली सांभाळणारी हवी होती.

तीन सीडी काढल्या. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये मारामारी होईल. लाल, निळी, हिरवी म्हणू. माझा जीव लालवर होता.

त्या दिवशी बाजार होता. बाबांच्या गावच्या सोनामावशी बाजाराला आल्या की पिशवी आमच्या ओट्यावर ठेवत. वय सत्तरीचं. पूर्वी पेरणीआधी लोक सरकी घेऊन त्यांच्याकडे जायचे. त्या मूठभर सरकी घेत, मूठ कानाशी नेत आणि दहा दाण्यांतले किती उगवतील ते सांगत. दुकानातली बियाण्याची पाकिटं आल्यापासून ते बंद पडलं होतं.

"काय करून राह्यला रे?"

"मावशी, याच्यातली कोणती मशीनीत टाकू, समजून नाही राह्यलं. तुमीच सांगा आता, दहात किती?" मी चेष्टेनं म्हणालो.

चेष्टा त्यांना कळलीच नाही. पाकिटं आल्यापासून त्यांना कोणी विचारलं नव्हतं ना! हात लुगड्याला पुसून त्यांनी सीडी घेतली. मुठीत मावेना, म्हणून दोन तळव्यांत धरली आणि कानाशी नेली.

लाल. "दहात दोन."

निळी. "दहात सहा."

हिरवीला जरा वेळ लागला. "दहात नऊ. हे टाक. पण बाप्पा, एक दाणा दगा देतेच. म्हणून तर आमी एका जागी दोन दाणे टोबतो."

त्या गेल्यावर मी मनातल्या मनात हसलो, पण आकडे मात्र एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढचे तीन रविवार मी चाचणी घेतली. दर रविवारी एक सिस्टिम टाकायची, दुसरीच कुठलीतरी गाणी कॉपी करायला लावायची आणि मध्येच भिंतीवरच्या बटणानं लाइट तोडायची. असं दहादा. बटण बंद करायचं आणि मशीन धड उठलं की कॅलेंडरच्या मागे रेघ मारायची, हे काम बायकोचं. मावशी आल्या तेव्हा ती माहेरी मारेगावला होती. आकडे मी तिला सांगितले नव्हते.

लाल दोनदा उठली. माझी लाडकी लाल! निळी सहादा. हिरवीच्या वेळी मी खोलीत थांबलोच नाही, बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बायकोनं आतून हाक मारली, "अहो, नऊ!"

मी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. अंगावर सर्रकन काटा आला होता. भीती नव्हती ती... काहीतरी फार मोठं जवळून गेल्यासारखं वाटलं.

हिरवी टाकली. आणि मुकाट्यानं दुसरी हार्डडिस्क लावली, दोन्हींवर सारखंच साठेल अशी. एका जागी दोन दाणे. अडतीस कॅसेट उतरवल्या, त्यातल्या अकरा तिथेच तुटल्या. चार महिन्यांनी वीज कडाडली आणि पहिली डिस्क जळाली. दुसरीवर सगळं शाबूत होतं.

खात्री करायला म्हणून मी पहिल्यांदाच सगळं नीट ऐकायला बसलो. उतरवताना दुकानाच्या कामात आवाज बंदच ठेवलेला. तुटलेल्या कॅसेटींपैकी एकीत, दोन गाण्यांच्या मध्ये, बाबा पेटीवाल्याशी हळू आवाजात बोलत होते.

"सोनाबाईनं दहात नऊ सांगतले. म्या ओल्या गोणपाटात दहा दाणे बांधून पाह्यले. नऊच कोंब आले बे. कोणाले सांगू नोको, मास्तर माणूस मी. पण मले अजून समजलं नाही."

मग पेटीचा सूर, आणि गाणं सुरू.

पुढच्या बाजारी मावशींना ते ऐकवलं. पदर तोंडाला लावून त्या ऐकत राहिल्या. हे कसं कळतं, म्हणून मी विचारलंच.

"मले काय मालूम बाप्पा. हात सांगते, तोंड बोलते." मग मशीनकडे बघून म्हणाल्या, "मास्तर हे मले कधी बोलले नाही रे. आणखी एकडाव लाव."

मी पुन्हा लावलं. मलाही अजून समजलेलं नाही.