राक्षस पडायला पाहिजे

“बंद कर, दादा, बंद कर! तो अजून हसतोय!”

तो असा ओरडला तेव्हा आम्ही वडपे गावातल्या गोदामात खोक्यांच्या थप्पीला टेकून डबा खात होतो. माझ्या मोबाईलवर जपानी कार्टून चालू होतं, पोरं ज्याला ॲनिमे म्हणतात ते. त्यातला लांब कोटवाला व्हिलन नुकताच हसला होता. आणि हा सहा फुटी हमाल, ज्याची पाठ एवढी रुंद की तिच्यावर गोदामाचं नाव पत्त्यासकट रंगवता आलं असतं, तोंडावर गमछा घेऊन बसला होता. त्याच्या ओरडण्यानं वरच्या रॅकवरची तीन खोकी खाली आली. चार म्हणणार होतो, पण चौथं आधीच सैल होतं.

असा भित्रा माणूस तुम्ही पाहिला नसेल. लोखंडी कपाट एकटा पाठीवर घ्यायचा आणि ट्रकनं हॉर्न दिला की त्याच कपाटामागं लपायचा. पुढं कंत्राटदार बदलला आणि तो गेला. त्याच्या जागी आता दोघं लागतात, तरी कपाट हलत नाही.

कार्टून मात्र त्याला रोज हवं असायचं. माझ्या खांद्यामागं बसायचा, एक डोळा झाकायचा आणि आधी विचारायचा, “मरतोय ना शेवटी?”

“मरतोय रे.”

“नक्की?”

“नक्की.”

“मंग लाव.”

एकदा मी त्याला बसवून समजावलं. “हे बघ, यांचं सगळं ठरलेलं असतं. हिरो आधी मार खातो. व्हिलन त्याला संपवायचं सोडून भाषण देत बसतो. तेवढ्यात हिरोला आई आठवते, डोळे चमकतात, केस उभे राहतात, की व्हिलन आडवा. हजार भाग बघ, दुसरं काही होत नाही.”

आमचा फोर्कलिफ्टवाला जांभई देत म्हणाला, “सब सेम है, तो देखता कायको है?”

“सेम हाय म्हणून तर बघतो,” हा म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो हिरोकडं बघतच नाही. तो व्हिलनचे गुडघे बघतो. कधी वाकतात त्याची वाट बघतो.

त्याचं कारण त्यानं एका दुपारी सांगितलं, मालाची गाडी आली नव्हती आणि आम्ही रिकामे बसलो होतो तेव्हा. त्याचं गाव आत डोंगराकडं. तिथं दर चैत्रात बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं काढायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. याच्या घराकडं राक्षस. शेवटी देवी त्याला मारते.

“आजा पडला, बाप पडला, आता मी पडतो. राक्षस पडल्याबिगर गावात कोण पेरा करीत न्हाय.”

मी खो खो हसलो. “म्हणजे तूच व्हिलन! आणि मोबाईलमधल्या चित्राला घाबरतोस?”

तो हसला नाही. “मुखवटा घातला की पाय माझे ऱ्हात न्हाईत, दादा. दर साली वाटतं, या टायमाला पडलोच न्हाय तर? तू ये यंदा. समोर उभा ऱ्हा.”

मी गेलो. अजिबात घाबरलो नव्हतो. वाटेत फक्त दोनदा माघारी फिरलो.

देवीची आणि राक्षसाची लढाई सकाळी, उन्हं चढल्यावर होती. देवीचा मुखवटा त्याच्या चुलत्याच्या तोंडावर होता. चुलता साठी ओलांडलेला, अंगानं काडी, आणि मुखवटा लाकडाचा, घमेल्याएवढा. मंदिरापुढं एक सपाट दगड होता. तीन फेरे, देवीचे तीन वार, आणि तिसऱ्या वाराला राक्षस त्या दगडापाशी पडणार, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं.

तिसरा वार झाला. संबळ थांबला. राक्षस उभाच.

संबळवाल्याला वाटलं आपणच चुकलो, म्हणून त्यानं ठेका पुन्हा धरला. पुन्हा थांबला. राक्षस एक पाऊल पुढं आला आणि त्यानं देवीचे दोन्ही हात मनगटाशी पकडले. देवीची तलवार खाली लोंबली. मुखवट्याला मुखवटा भिडला. माझ्या शेजारच्या म्हातारीनं नातवाचं तोंड पदरात दाबलं आणि पुटपुटली, “सोडीत न्हाय गं बाय, सोडीत न्हाय.”

मंडळी, मी एरवी साप पाच फुटांचा असला तर पंधरा सांगतो. पण त्या भीतीत वाढवायला जागाच नव्हती. तो रंगवलेला जबडा तसाच हसत होता, आणि त्याच्या आत माझ्या ओळखीचं कुणी उरलंय का, ते दिसत नव्हतं. रोज मी त्याला ‘नक्की’ म्हणालो होतो. कुणाच्या भरवशावर म्हणालो होतो? पळ म्हणून पायांना सांगितलं, पायांनी ऐकलं नाही. सगळं गाव गप्प, आणि त्या शांततेत दोन मुखवट्यांच्या आतून दोन श्वास ऐकू येत होते, एक जाड आणि एक शिट्टीसारखा बारीक. हे किती वेळ चाललं? घरी मी अर्धा तास सांगतो. असतील चाळीस श्वास.

मग टेकलेला देवीचा मुखवटा जरासा वर झाला. राक्षसानं स्वतःच्या हातानं देवीचा तलवारीचा हात वर घेतला, टोक आपल्या छातीला लावलं, एक क्षण थांबला, आणि हात सोडून असा उताणा कोसळला की दगडाभोवतीची माती माझ्या दातांत आली. संबळ फुटेस्तोवर वाजला. बायका रडत होत्या, आणि त्यांच्यात मोठ्यानं मीही.

मंदिरामागं गेलो. चुलत्याला बाजेवर निजवलं होतं. ओठ पांढरे पडलेले. एक बाई त्याच्या नाकाशी कांदा धरत होती, दुसरी वारा घालत होती. पायथ्याशी हा बसला होता, मांडीवर मुखवटा घेऊन.

मी त्याच्यावर खेकसलोच. “अरे माणसा, जीव गेला की माझा! पडला का नाहीस?”

त्यानं चुलत्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाला, “देवी आधी पडली असती.”