होय म्हणजे होय

ताज्या रंगाचा वास आला की ॲडम्सटाउनचं घर विकलं ते दिवस आठवतात. एका नर्सबाईंशी आठवडाभर घासाघीस करून, दोनदा चिडून, मी शेवटी हो म्हटलं होतं. त्यांना कबूल केल्याप्रमाणे मी आणि साडूभाऊ हॉल रंगवत होतो, तेवढ्यात एजंटचा फोन आला. दुसरं कुणी बरंच जास्त द्यायला तयार होतं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे साडूभाऊ म्हणाले, "घेऊन टाक रे. सही कुठे झालीय अजून?" मी ब्रश डब्यात टाकला. "प्रभूने सांगितलं, होय म्हणजे होय. सही झाल्यावर, असं नाही सांगितलं." घर बाईंनाच दिलं. साडूभाऊ अजून चारचौघांत मला खुळा म्हणतात. म्हणू देत. भाव मी आजही शेवटपर्यंत ताणतो, पण दिलेला शब्द लिलावात काढत नाही.